वटपौर्णिमेची मुदत

मागच्या रविवारी मिहीरने मेलबर्नहून मला विचारलं, "आजी, तू कोर्टात होतीस ना? मग सांग, एखाद्याने कुणाला फसवलं आणि तीन वर्षं नुसता वेळ काढला, तर तो सुटतो का?" त्याच्या शाळेत कसलासा वादविवाद होता. मी चष्मा लावून नीट बसेपर्यंत त्याची फुटबॉलला जायची वेळ झाली. मागून त्याची बहीण रेवा ओरडली, "आजी, शॉर्टमध्ये सांग!"

शॉर्टमध्ये सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आमच्या कर्जतच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीवर काहीतरी लिहा म्हणून संपादक दोन वर्षं मागे लागलेत, त्यांनाही हेच देईन. रेवाने मोठ्याने वाचावं आणि मिहीरने शेवटपर्यंत थांबावं.

आधी एक गैरसमज दूर करते. तुमच्या मित्रांना तुम्ही सांगता तशी मी न्यायाधीश नव्हते. वकीलही नव्हते. मी खिडकीत बसायचे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या कोर्टांत मिळून माझी नोकरी झाली आणि तिचा बराच काळ दाखल खिडकीच्या आतल्या बाजूला गेला. फिर्याद, अर्ज, कागदपत्रं घेऊन माणूस खिडकीशी येई. मी पानं मोजायची, सह्या बघायच्या, कोर्ट फीची तिकिटं बघायची आणि वर तारखेचा शिक्का मारायचा. त्या शिक्क्याला रबराचे तीन पट्टे होते, दिवस, महिना आणि वर्ष. रोज सकाळी पर्स ठेवायच्या आधी मी दिवसाचा पट्टा एक घर पुढे सरकवायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला कोर्टात घेतलं, टायपिंग येत होतं म्हणून ठेवलं. पण शिक्का कधी चुकला नाही याचाच मला जास्त अभिमान होता. तुमचे आजोबा म्हणायचे, "घरातली घड्याळं कोर्टाने चालतात आणि कोर्ट हिच्या अंगठ्याने."

आता मिहीरचा प्रश्न. गुन्ह्याला मुदत असते ती अशी. ज्या गुन्ह्याला नुसता दंड, त्याची फिर्याद सहा महिन्यांत. ज्याला एक वर्षापर्यंत कैद, त्याची एका वर्षात. ज्याला एकाहून जास्त पण तीन वर्षांपर्यंत, त्याची तीन वर्षांत. त्याच्या वरचे जे गुन्हे, त्यांना मुदतच नाही. खुनाची फिर्याद चाळीस वर्षांनीही चालते. म्हणजे लहान पाप विसरायची सोय आहे, मोठ्या पापाला नाही. मला आधी हे विचित्र वाटायचं. मग एकदा एका म्हाताऱ्या आरोपीला फार जुन्या पावतीबद्दल उलटतपासणीत विचारताना पाहिलं. तो घाम पुसत म्हणत होता, "सायेब, सही माजीच हाय, पन कशावर केली ते आता नाय सांगता येत." तो खरं बोलत होता की खोटं, मला आजही ठरवता येत नाही. साक्षीदार मरतात, कागदांना वाळवी लागते. मुदत अशा आरोपीसाठीही असते.

पण मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते मुदत मोजायला कुठून सुरुवात करतात याचं. गुन्हा झाला त्या दिवसापासून, हे सरळ आहे. पण फसवणुकीत फसलेल्याला त्या दिवशी कळलेलंच नसतं! म्हणून कायदा म्हणतो, गुन्हा कळला त्या दिवसापासून मोजा. आणि इथेच माझ्या खिडकीशी गंमत सुरू व्हायची. कारण "तुम्हाला कधी कळलं?" या प्रश्नाचं उत्तर माणूस जितक्या तऱ्हांनी देतो, तितकं दुसऱ्या कशाचं देत नाही.

शेलूच्या नव्या इमारतीतले एक गृहस्थ आठवतात. सोसायटीच्या रंगकामासाठी सगळ्यांनी पैसे एका सभासदाकडे सोपवले आणि त्याने ते स्वतःच्या कामाला लावले. हे गृहस्थ जवळजवळ चार वर्षांनी फिर्याद घेऊन आले. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, 'आरोपी लबाड आहे हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखले होते.' मी विचारलं, "हे असंच ठेवायचंय?" तर म्हणाले, "मॅडम, मला कोणी फसवू शकत नाही. बाकीचे फसले." शिक्का मारायचं माझं काम, मी मारला. त्यांची फिर्याद त्या एका वाक्याने बुडाली. शहाणपण सिद्ध झालं आणि आरोपी घरी गेला.

त्यांच्यावर हसले, पण एका प्रसंगावर मला हसता येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक निवृत्त शिक्षक आले होते. धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. कुणावर तरी विश्वास टाकून काही कागद सोपवले होते, तो उलटला होता. मी पुन्हा पुन्हा मोजलं. मुदत उलटून एक दिवस झाला होता. म्हटलं, "गुरुजी, मुदत काल संपली." ते म्हणाले, "हो का? मग राहू दे," आणि पिशवी उचलून गेले. त्याच कायद्यात पुढे आणखी एक कलम आहे: उशिराचं कारण नीट सांगितलं किंवा न्यायासाठी गरज वाटली, तर कोर्ट मुदत संपल्यावरही फिर्याद घेऊ शकतं. मला ते माहीत होतं. पण दप्तरातल्या माणसाने पक्षकाराला सल्ला द्यायचा नाही असा दंडक होता आणि दंडक पाळायची मला हौस होती. गुरुजी पुन्हा आले नाहीत. त्यांची पाठ मला पुष्कळ वर्षं दिसत राहिली.

त्यामुळेच सुमन आली तेव्हा मी वेगळी वागले.

जून महिना होता, मध्यावर आलेला. मी तेव्हा खालापूरला होते. दोन बायका खिडकीशी आल्या. पुढची सुमन, चाळिशीची, साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. एक दिवसाची रजा टाकून आली होती. मागची तिची थोरली जाऊ, हिराबाई. सुमनने वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेली फिर्याद पुढे केली.

तिच्या सासूची बोरमाळ होती. बोरमाळ म्हणजे बोराएवढे सोन्याचे पोकळ मणी, आत लाख भरलेली, रेशमात गाठवलेले. दोरा कुजला म्हणून तिने ती बाजारातल्या सोनाराकडे पुन्हा गाठवायला दिली. सोनाराचं नाव लिहीत नाही, त्याची मुलं आज त्या पेढीवर बसतात. वीस वर्षं तिच्या घरचं सोनं तोच गाठवायचा. महिन्याभराने माळ परत मिळाली. वटपौर्णिमेला सुमन ती घालून वडाला गेली.

"मीच पयलं बगितलं," हिराबाई खिडकीत डोकं घालून म्हणाल्या. "फेऱ्या मारताना ही माज्या म्होरं. मी म्हनलं, सुमन, मानेला काजळ लागलंय काय गं? तर काजळ कुठलं, माळ काळी पडलेली!"

"सगळ्या बायांसमोर बोलली," सुमन म्हणाली. "हळू बोलायचं तर ठावंच नाय हिला."

"हळू बोलले असते तर आज साक्षीला कोन आलं असतं गं?"

सोनाराने नाकारलं नव्हतं. फसवणाऱ्यांची एक जात मी खिडकीतून चांगली ओळखायला शिकले होते. ती पळत नाही, भांडत नाही, वायदा देते. तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, कारागिराने घात केला. पुढच्या वटपौर्णिमेच्या आत तुमची माळ तुमच्या गळ्यात." तसं पेढीच्या चिठ्ठीवर लिहूनही दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. गावातल्या एका जुन्या तलाठ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "तीन वर्षांत कोर्टात जा, मग तुझं कुणी ऐकणार नाही." सुमनने ते पक्कं धरून ठेवलं होतं.

माळ काळी पडली ती वटपौर्णिमा कोणत्या तारखेची ते मी कागदावर पाहिलं. जूनच्या अगदी सुरुवातीची होती. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग बोटांवर दिवस मोजले.

"बाई, तुम्ही बारा दिवस उशिरा आलात," मी म्हटलं.

सुमन हसली. मी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं. "उशिरा कशी? त्या वटपुनवंनंतर तीन वटपुनवा आजून झाल्याच नाय. तिसरी यायला आजून तेरा दिस हायेत. मी तर आदीच आले."

मिहीर, रेवा, इथे थोडं थांबा. हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. आपले सण चंद्रावर चालतात आणि चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. सण मागे मागे सरकत जातात आणि ते पावसातून उन्हाळ्यात जाऊ नयेत म्हणून साधारण तीन वर्षांनी एक जादा महिना घालतात, तो अधिक महिना. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. सुमनच्या त्या तीन वर्षांत माळ काळी पडली त्या वटपौर्णिमेनंतर एक अधिक महिना येऊन गेला होता, आणि तिसरी वटपौर्णिमा यायच्या ऐन आधी दुसरा आला होता. तीन वर्षांत दोन! त्यामुळे सण इंग्रजी तारखेच्या पंचवीस दिवस पुढे ढकलला गेला. कायद्याची तीन वर्षं जूनच्या सुरुवातीला संपली होती. सुमनची तीन वर्षं अजून चालू होती.

"निदान महिन्याभरापूर्वी तरी यायचं," मी म्हटलं.

"म्हयन्याभरापूर्वी धोंड्याचा म्हयना लागला की वो," हिराबाईंनीच उत्तर दिलं. "धोंड्यात नवं काम काडत नाय. कोर्टाची पायरी काय धोंड्यात चडायची? काल आवस झाली, आज आलो."

म्हणजे मुदत ज्या महिन्यात संपत होती, तो महिना ही बाई हातात फिर्याद तयार ठेवून, घरात बसून काढत होती. मला हसावं की रडावं ते कळेना.

मी खिडकीतून जरा पुढे वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा दप्तराबाहेरचं बोलले. कायद्यात कळणं आणि संशय येणं यांत फरक करता येतो. मी विचारलं, "काळी पडली म्हणजे खोटीच, हे त्या दिवशी कसं कळलं तुम्हाला? घामानेही डाग पडतो. खात्री नंतर झाली असेल. दुसऱ्या सोनाराकडे कसोटीवर घासून पाहिली ना? ती कधी? पंधरा दिवसांनी?"

माझा प्रश्न कोणत्या बाजूला झुकलेला होता ते तुम्हाला दिसतंच आहे. तिने नुसती मान हलवली असती तरी फिर्याद मुदतीत बसत होती.

"त्याच सांजला," सुमन म्हणाली. "वडाच्या दोऱ्याचा गुंडा हातातच व्हता."

"नीट आठवा. पंधरा दिवसांनी असेल."

तिला सगळं समजलं होतं. "बाई, त्यानं खोटं खरं म्हनून माज्या गळ्यात घातलं, म्हनून मी आले. आता मीच खोटी तारीख घालू व्हय?"

तीस वर्षं तारखेचा पट्टा एका दिवसानेही इकडेतिकडे न केलेली मी, आणि मला हे ऐकवायला वहीच्या कागदावर फिर्याद लिहिणारी बाई यावी लागली.

तिच्या कागदावर मी त्या दिवसाचाच शिक्का मारला. मग शेजारच्या विधी सेवा समितीच्या खोलीकडे बोट दाखवून म्हटलं, "तिथे बायकांना फुकट वकील मिळतो. त्यांना सांगा, उशीर माफ करण्याचा अर्ज लावा. आणि मला सांगितलंत तेच कारण लिहा. वटपौर्णिमा, धोंड्याचा महिना, सगळं. काही लपवू नका." गुरुजींना न सांगितलेलं वाक्य असं दुसऱ्याच कुणाला मिळालं.

अर्जाची सुनावणी भाद्रपदात झाली. काम नसताना कोर्टात जाऊन बसणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी मी एक फाइल हातात घेऊन मागे उभी राहिले. अर्ज फेटाळला असता तर बोरमाळेचं प्रकरण तिथेच संपलं असतं. पुरावा कितीही चांगला असला तरी तो उघडलाच गेला नसता.

सोनाराचे वकील हुशार होते. ते म्हणाले, कायद्यात वर्ष म्हणजे ब्रिटिश दिनदर्शिकेचं वर्ष, तशी व्याख्याच आहे. हे अगदी खरं आहे, इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो शब्द तसाच आहे. ते पुढे म्हणाले, "फिर्यादी कारखान्यात नोकरी करते. तिचा पगार एक तारखेला होतो, तिथीला होत नाही. तिला इंग्रजी महिना कळत नाही असं म्हणणं धाडसाचं आहे."

मुद्दा बिनतोड होता. न्यायाधीश साहेबांनी सुमनकडे पाहिलं. "तुम्हाला तारखा कळतात ना? मग तिथी का धरलीत?"

सुमन उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी धरला होता. "कळतात, सायेब. पगाराला मी तारीखच धरते. पन ह्यानी मला तारीख कंदी दिली? ह्यानी दर साली वटपुनव दिली. ह्यानी धरली ती मी धरली."

आणि तिने पिशवीतून सोनाराच्या तीन चिठ्ठ्या काढल्या. तिन्हीवर त्याच्याच हातचं, 'वटपौर्णिमेपूर्वी देणे.' चिठ्ठ्यांखालून तिने एक गुंडाळी काढली. तिच्या स्वयंपाकघरातली चार वर्षांची कॅलेंडरं, एकाच खिळ्यावर एकावर एक टांगलेली, कडांना फोडणीचे डाग पडलेली. गॅस सिलिंडर कधी लावला, दूध कधी आलं नाही, पाळी कधी आली, सगळं त्यात. पहिल्या वर्षीच्या वटपौर्णिमेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माळ काळी.' साहेबांनी पानं स्वतः उलटली. दोन्ही अधिक महिने बोटाने मोजले. मग वकिलांना विचारलं, "तुमच्या पक्षकाराने वायदा तिथीने दिला आणि आता मुदत तारखेने मागता?"

वकील म्हणाले, "वायद्याने मुदत थांबत नाही, साहेब." तेही खरं होतं.

"थांबत नाही," साहेब म्हणाले. "पण उशीर का झाला ते मला त्यावरून समजतं." बारा दिवस माफ झाले.

मिहीर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वेळ काढणारा सुटू शकतो. बरेच सुटतात, मी पाहिले आहेत. आता कायदे नवे आले, कलमांचे आकडे बदलले. विश्वासाने सोपवलेली वस्तू हडप करण्याची शिक्षा तीनवरून पाच वर्षांवर गेली, म्हणजे आज घडलेल्या अशा गुन्ह्याला ही मुदत लागूच नाही. सुमनला नव्या कायद्यात धावपळ करावी लागली नसती. पण मुदत नाही म्हटल्यावर तिने 'माळ काळी' लिहून ठेवलं असतं का, कॅलेंडरं जपली असती का, हे मला अजून ठरवता येत नाही. तुमच्या वादविवादात दोन्ही बाजूंनी कुणी याचा विचार करत असेल तर मला कळवा.

पुढे साक्षी सुरू व्हायच्या आधीच सोनाराने तडजोड मागितली. कोर्टाच्या परवानगीने ती झाली. ठरल्या दिवशी तो लाल कागदात तेवढ्याच वजनाचे नवे मणी घेऊन आला. सुमनने दुसऱ्या सोनाराला सोबत आणलं होतं. त्याने प्रत्येक मणी कसोटीवर घासला. शेवटचा मणी झाल्यावर सोनार ओशाळं हसून म्हणाला, "वहिनी, द्या, आत्ता गाठवून देतो. मजुरी नको."

"नको," सुमन म्हणाली. "गाठवायला मी दुसरीकडं देईन."

हिराबाई एवढ्या जोरात हसल्या की शिपायाने आत डोकावून पाहिलं.

माल मिळाल्याची पोच मी लिहिली. सुमनने सही केली, मी शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. ती वाचत राहिली. मग शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, तारीख हाय. तिथी कुठाय?"

कागदावर तिथी लिहायला जागा नव्हती, रिवाजही नव्हता. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, नीट पाहिलं आणि शिक्क्याच्या खाली पेनाने लिहिलं, 'मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.' माझ्या अख्ख्या नोकरीत शिक्क्याखाली हाताने लिहिलेली ती एकच ओळ. तो कागद अजून त्या फाइलमध्ये असेल.